मदत हवी आहे: आधी कुठलं पर्व लावू?

नमस्कार मंडळी, डिचोलीहून लिहितेय. सासूबाईंना 'रात्रीस खेळ चाले' ही गूढ मालिका दाखवायचीय. २०१६चं पर्व आधी लावलं तर नाईकांच्या घरातले कर्ते अण्णा नाईक सुरुवातीलाच वारतात. २०१९चं दुसरं पर्व मात्र त्यांच्या हयातीतलं, म्हणजे मागची गोष्ट. तेच आधी पाहिलं तर पहिल्यातलं गूढ फुटणार नाही का? नणंद म्हणते, माधव अभ्यंकरांनी केलेले अण्णा पोटभर बघायचे तर दुसरंच आधी. जाऊबाईंनी तर काल फोनवर मालिकेतल्या शेवंताचं पुढे काय होतं तेही सांगून टाकलं. भेंडी चिरत होते, सुरी तशीच हातात राहिली! मालिकेतली मालवणी बोली सासूबाईंना नीट कळते, तो प्रश्न नाही. दोन्ही पर्वं पाहिलेल्यांनी क्रम सांगा. शेवट मात्र फोडू नका हां!