मदत हवी आहे: मुलांना घरातल्याच गोष्टींतून बायबलचं वचन कसं समजवायचं?

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. रात्री आमच्याकडे कौटुंबिक प्रार्थना असते पण मुलगा 10 चा, मुलगी 6 ची, वाचन सुरू झालं की दोघांची चुळबुळ सुरू. मागच्या आठवड्यात सासूबाईंच्या कानातली कुडी पडली, पोरांनी मोबाईलचा टॉर्च लावून अख्खं स्वयंपाकघर झाडलं आणि ती सिलिंडरच्या मागे सापडली तेव्हा मुलगी धावत शेजारच्या काकूंनापण सांगून आली. त्याच रात्री बायबलमधल्या लूकच्या 15 व्या अध्यायातली हरवलेल्या नाण्याची गोष्ट वाचली, दिवा लावून घर झाडणारी आणि नाणं मिळाल्यावर शेजारणींना बोलावणारी ती बाई... मुलगी म्हणाली, ही तर आपल्यासारखीच!! डोळे भरून आले माझे.

आता अडलंय क्षमेवर. मत्तय 18 मध्ये येशूचा शिष्य पेत्र त्याला विचारतो सात वेळा क्षमा करू का, तर येशू म्हणतो साताच्या सत्तर वेळा. मुलगा म्हणतो, मग हिने रोज माझी वही फाडली तरी मी गप्पच बसायचं का? नुसतं माफ कर म्हटलं तर त्याच्यावर अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं. तुमच्या घरी असं झालं तेव्हा काय केलंत, काय बोललात? खरे अनुभव सांगा प्लीज.