विषय: पुन: पुन: फेब्रुवारीचा कॅमेरा – शनिवारी बोरा बाजारात जातोय

मंडळी,
शनिवारी सकाळी फोर्टात फेब्रुवारीच्या मोहिमेचा कॅमेरा घ्यायला जातोय, त्याआधी सांगा. पैसे मंजूर आहेत, त्यावर परत चर्चा नको. दोनच नावं उरलीत: ओएम सिस्टिम टीजी-७ नवा, नाहीतर सोनी आरएक्स१०० मार्क ३ जुना. शामोनीत (फ्रेंच आल्प्स) गोठलेले धबधबे चढताना आणि एगुई द्यु मिदी शिखराच्या धारेवर, दोन्हीकडे वापरायचाय. लीडवाला, म्हणजे सगळ्यात पुढे चढणारा, एका हाताने फोटो काढणार. एका ओळीत उत्तर चालेल.
– मुलुंड

---

एका ओळीत: टीजी-७.

आता पुढचं. फोटो सोनीचाच चांगला येणार, त्यात वाद नाही. त्याचा सेन्सर एक इंची, टीजीचा १/२.३३ इंची. पहाटेच्या अंधुक उजेडात फरक सरळ दिसतो. पण सोनीची लेन्स चालू केली की बाहेर येते. वाऱ्यात भुरभुरणारा बर्फ त्या नळीवर बसतो, बंद करताना नळीबरोबर आत जातो, तिथे वितळतो आणि पुन्हा गोठतो. पुढच्या वेळी मोटर घुरघुरते आणि लेन्स अर्ध्यात अडकते. टीजीची लेन्स आतल्या आत हलते, बाहेर काहीच येत नाही. शिवाय १५ मीटर पाणी आणि २.१ मीटरवरून पडणं कंपनीने गृहीत धरलंय, थंडी उणे १० पर्यंत. सोनीला ० च्या खाली कंपनीचा शब्दच नाही.

टीजीचा झूम २५ ते १०० मिमी. दोरावरच्या माणसाला २५ च लागतं, म्हणजे सगळ्यात रुंद.
– पार्ले

---

> थंडी उणे १० पर्यंत

उणे १० म्हणजे उणे ११ ला कॅमेरा मरतो असं नाही, आणि उणे १० ला बॅटरी पूर्ण चालते असंही नाही. ३८०० मीटरच्या आसपास फेब्रुवारीत उणे २० सहज असतं. तिथे आधी बॅटरी मान टाकते. आतलं द्रावण घट्ट होतं, आयन हळू सरकतात, व्होल्टेज खाली येतं आणि कॅमेऱ्याला वाटतं चार्ज संपला. तो संपलेला नसतो. खिशात वीस मिनिटं ऊब दिली की तीच बॅटरी परत चालते. तेव्हा 'मेलेली' बॅटरी सॅकच्या तळाशी टाकू नका. तंबूत चार्ज करतानाही आधी गरम करा. ० च्या खाली चार्ज केलं तर आत लिथियमचा थर बसतो, तो परत निघत नाही.

म्हणून माझं मत: कॅमेरा जॅकेटच्या आत. 'वाऱ्यामुळे उणे ३०' ही भीती मात्र कॅमेऱ्याला लावू नका. वाऱ्याने तो लवकर गार होतो, हवेपेक्षा जास्त गार होत नाही.
– गिरगाव

---

काका, जॅकेटच्या आत अजिबात नको. चढताना आत घामाची वाफ असते. कॅमेरा तिथे ऊबदार आणि दमट होतो, बाहेर काढला की लेन्सवर पडलेला बर्फ आधी वितळतो, मग काचेवरच गोठतो. पुसायला फुंकर मारलीत तर तीही गोठते. कॅमेरा गारच ठेवा, सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर पाउचमध्ये. ऊब द्यायची ती जादा बॅटऱ्यांना.

मिदीची केबल कार शामोनीच्या १०३५ मीटरवरून २० मिनिटांत ३७७७ वर नेते. वर जाताना फारसं काही होत नाही. खाली परत येऊन कॅफेत शिरलात की गार कॅमेऱ्यावर दव धरतं. आत शिरण्याआधी, थंडीतच, झिपलॉक बंद करा. पाणी पिशवीवर बसेल, कॅमेऱ्यावर नाही. तो खोलीइतका गरम होईपर्यंत उघडू नका.
– झुरिक

---

> ऊब द्यायची ती जादा बॅटऱ्यांना

मग बॅटरी बदलायची कुठे? बिलेवर (साथीदाराचा दोर सांभाळताना), हातमोजे घालून? टीजीच्या बॅटरीच्या दाराला खिट्टी आणि वर लॉक. उघडलं आणि रबराच्या कडेवर बर्फाचा एक कण किंवा मोज्याचा एक धागा राहिला की १५ मीटर विसरा. पाणी तिथूनच आत जातं.
– गिरगाव

---

दोघांचं अर्धं अर्धं घ्या. कॅमेरा फ्लीस आणि बाहेरच्या शेलच्या मधल्या खिशात, सगळ्यात आतल्या थराला नाही. बॅटरी बदलायची ती फक्त सपाटीवर, वाऱ्याकडे पाठ करून, दार उघडं असेपर्यंत त्याचं तोंड खाली धरून. सकाळी निघताना पूर्ण भरलेली घाला, धबधब्याच्या दिवसाला तेवढी पुरते.

दोरीबद्दल कोणीच बोललं नाही. गळ्यात पट्टा नको. घसरलात तर फास बसतो, आणि उभ्या बर्फावर कॅमेरा नेमका कमरेच्या आइस स्क्रूच्या (बर्फात फिरवून बसवायच्या स्क्रूच्या) रांगेत लोंबतो. कॅमेऱ्याच्या कडीतून बारीक दोरीचा छोटा फासा, त्यात ३ मिमीची दोरी, दुसरं टोक सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला शिवलेल्या फाशात. लांबी हात पूर्ण ताणून डोळ्यासमोर धरता येईल एवढीच. जास्त ठेवलीत तर क्रॅम्पॉनपर्यंत, म्हणजे बुटाखालच्या काट्यांपर्यंत पोचते. कॅराबिनर (धातूची कडी) लावू नका, स्क्रीनवर चरे पडतात.
– पार्ले

---

फोन का नाही? सगळ्यांकडे आहेत. एवढा खर्च कशाला.
– दादर

---

फोन काढायला मोजा काढावा लागतो, आणि उणे २० मध्ये उघड्या बोटांनी धातूला हात लावायचा नसतो. आयफोनच्या माहितीपत्रकातच वापराचं तापमान ० ते ३५ दिलंय. शिवाय फोन बंद पडला तर मदतीला फोन कशावरून करणार?
– झुरिक

---

मंडळाचं सामान मी बघतो, हे एकदा लक्षात घ्या. कॅमेरा आधी माझ्याकडे येईल. घरच्या फ्रीझरमध्ये (उणे १८) तासभर ठेवून बघू, पापलेटांशेजारी, झिपलॉकमध्ये.
– ठाणे

---

उणे १० च्या कॅमेऱ्याला उणे १८ ला ठेवलंत आणि तो बिघडला तर दुकानदाराला काय सांगणार? त्यापेक्षा नुसत्या बॅटऱ्या घाला, बंद पिशवीत. बाहेर काढल्यावर बॅटरी पुसून लगेच कॅमेऱ्यात घाला आणि किती फोटो होतात ते मोजा. कंपनीची आणि स्वस्तातली, दोन्ही. स्वस्तातली आधी बसते की नाही ते तिथेच कळेल. मुंबईच्या दमट हवेत गार कॅमेरा उघडाच ठेवलात तर थेंब टपकतील.
– गिरगाव

---

मग टीजी-७. शेवटचं एकच: मागच्या फोटोंत बर्फ राखाडी का दिसतो? सेटिंग सांगा.
– मुलुंड

---

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सगळा पांढरा बघून उजेड कमी करतो. एक्स्पोजर +१ ठेवा, कडक उन्हात +१.३, आणि हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटत नाही ना ते बघा. हे सगळं चकतीवरच्या सी१ वर (आपल्या सेटिंगची जागा) सेव्ह करा, म्हणजे मोजा घालून फक्त चकती फिरवायची. रॉ (कच्ची, न दाबलेली फाइल) चालू ठेवा. स्क्रीन थंडीत मंद झाला तर घाबरू नका, गरम झाला की पूर्ववत होतो. पोलराइज्ड गॉगलमधून स्क्रीन काळा दिसला तर कॅमेरा तिरका धरा, बिघडलेला नाही.
– झुरिक

---

बिल मंडळाच्या नावाने, माझ्या नाही. दोन जादा बॅटऱ्या घ्या. त्या विमानात हातातल्या सामानात जातात, चेक-इनमध्ये नाही, आणि टोकांवर टेप लावा. सिलिका जेल माझ्याकडे आहे, जूननंतर कॅमेरा त्याच डब्यात राहील, बुरशी मला नकोय. किल्ली माझ्याकडे.
– ठाणे