सूर्यास्ताचे पाण्यातले प्रतिबिंब संपादनानंतर खोटे का दिसते?

तळ्याकाठचा:
नमस्कार. गेल्या महिन्यात चार संध्याकाळी मी कोल्हापूरच्या रंकाळ्यावर, शहराच्या बाजूच्या काठावरून पश्चिमेकडे तोंड करून, सूर्यास्ताची छायाचित्रे घेतली. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) आहे, लेन्स सोबत मिळालेलीच १८-५५ मिमीची आहे, आणि आकाश पांढरे पडू नये म्हणून मी ३ स्टॉपचा ग्रॅज्युएटेड एनडी फिल्टर, म्हणजे वरचा अर्धा भाग गडद असलेली काच, लावला होता (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). घरी आल्यावर पाणी काळसर वाटले, म्हणून लाइटरूम या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये शॅडोज (गडद भाग) बऱ्याच वर नेल्या, सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) वाढवले आणि थोडे डीहेझही (धूसरपणा काढणारी सोय) वापरले. आता पाणी आकाशापेक्षा उजळ दिसते, सूर्याभोवतीचा केशरी रंग सपाट पिवळा पडला आहे, आणि मावशीने तर ‘हे कुठल्या कॅलेंडरचे चित्र?’ असे विचारले. चूक छायाचित्र घेताना झाली की संपादनात? पोलरायझर (चकाकी आणि प्रतिबिंब कमी करणारा, फिरवता येणारा फिल्टर) विकत घ्यावा का?

खिडकीतून:
उत्तर देण्याआधी दोन गोष्टी सांगाव्यात. मूळ फाइल रॉ (सेन्सरची प्रक्रिया न केलेली नोंद) आहे की जेपेग, आणि व्हाइट बॅलन्स ऑटोवर होता का? ऑटो असेल तर कॅमेरा संध्याकाळचा तांबूसपणा हा दोष समजून तो पुसण्याचा प्रयत्न करतो, आणि मग आपण तोच रंग सॅच्युरेशनने ओढून परत आणू पाहतो.

तळ्याकाठचा:
फाइल रॉ आहे, व्हाइट बॅलन्स ऑटोवरच होता.

पाणवठा:
रॉ असल्यामुळे व्हाइट बॅलन्स आताही डेलाइटवर, म्हणजे साधारण ५५०० केल्विनवर आणता येईल, त्यामुळे ते प्रकरण तेवढ्यावर मिटते. मुख्य घोटाळा उजेडाच्या प्रमाणाचा आहे, आणि तो फिल्टरपासूनच सुरू झालेला दिसतो.

पाणी हा आरसा आहे, पण अर्धामुर्धा. त्याच्याकडे सरळ वरून पाहिले तर ते जेमतेम २ टक्के प्रकाश परत पाठवते आणि बाकीचा आत घेते. नजर पृष्ठभागाशी २० अंशांचा कोन करत असेल, तर सुमारे १३ टक्के प्रकाश परत येतो, १० अंशांवर सुमारे ३५ टक्के आणि ५ अंशांवर सुमारे ५८ टक्के. स्टॉपच्या भाषेत सांगायचे, तर पलीकडच्या काठाजवळचे प्रतिबिंब आकाशापेक्षा एक स्टॉपही गडद नसते, मात्र तुमच्या पायाजवळचे पाणी जवळजवळ ३ स्टॉप गडद असते. १८ मिमीवर क्षितिज चौकटीच्या मध्यावर ठेवले, तर चौकटीचा तळ क्षितिजाच्या सुमारे २३ अंश खाली जातो, म्हणजे हा सगळा चढउतार तुमच्या एकाच चित्रात आलेला आहे. शिवाय जवळच्या पाण्यात क्षितिजालगतचे केशरी आकाश दिसत नसून वरचे निळसर, आधीच मंद झालेले आकाश दिसते.

आता ३ स्टॉपच्या फिल्टरने काय केले ते पाहा. क्षितिजालगतचे आकाश ३ स्टॉप खाली गेले आणि त्याचेच प्रतिबिंब, जे मुळात एखाद्या स्टॉपनेच कमी होते, ते तसेच राहिले. प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा उजळ झाले, हे निसर्गात घडत नाही, आणि पाहणाऱ्याला कारण ठाऊक नसले तरी डोळा ते पकडतो. त्यावर तुम्ही शॅडोज उचलल्या, म्हणजे पायाजवळचे जे पाणी गडद असायलाच हवे होते तेही वर आले. शांत तळ्यावर मी १ स्टॉपच्या पुढे फिल्टर लावत नाही, बहुतेक वेळा तोही लावत नाही.

संपादनात आकाशासाठी आणि पाण्यासाठी वेगवेगळे मास्क, म्हणजे फक्त त्या भागापुरती निवड, करा. पाण्यावरचा लिनियर ग्रेडियंट (हळूहळू कमी-जास्त होत जाणारा मास्क) असा ओढा की पलीकडच्या काठाशी उजेड आकाशापेक्षा किंचित कमी राहील आणि चौकटीच्या तळाकडे तो उतरत जाईल. डीहेझ मात्र काढूनच टाका, कारण त्यामुळे काठावरच्या झाडांभोवती कडा उमटतात आणि धुक्याने आलेली खोली नाहीशी होते.

पिवळा रंग हा वेगळा दोष आहे. कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा असे तीन चॅनल वेगवेगळे नोंदवतो, आणि केशरी उजेडात लाल चॅनल सर्वांत आधी भरतो. तो कमाल मर्यादेला टेकला की पुढे फक्त हिरवा वाढत राहतो, आणि लाल अधिक हिरवा म्हणजे पिवळा. म्हणून हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटणीचा आलेख) पाहताना एकत्रित आलेखावर विसंबू नका, लाल चॅनलचा आलेख वेगळा पाहा, आणि तो उजव्या भिंतीला भिडत असेल तर एक्स्पोजर आणखी एक स्टॉप खाली घ्या. सूर्याची तबकडी जळली तर जळू द्यावी, आजूबाजूचा रंग वाचवावा.

फिल्मच्या_काळातला:
वरील आकडे बरोबर आहेत, पण मला त्यांचा एवढा धाक नको वाटतो. आम्ही स्लाइड फिल्मवर काम करत असताना पाण्यासाठी २ स्टॉपचा फिल्टर सर्रास लावत असू, आणि कोणी त्याला खोटे म्हटले नाही. वाऱ्याने लहरी उठलेल्या असतील तर हिशेब बदलतोही, कारण लहरींच्या कलत्या बाजू आकाशाचा वरचा, गडद भाग दाखवतात आणि दूरचे पाणीही काळवंडते.

माझी शिफारस वेगळी आहे. तळे सोडा आणि गुहागरला जा. लाट मागे सरल्यावर ओल्या वाळूवर पाण्याचा जो पातळ थर उरतो, त्याच्याइतका स्वच्छ आरसा दुसरा नाही, फक्त तो काही सेकंदच टिकतो. त्यासाठी ओहोटी सूर्यास्ताच्या वेळी असावी लागते. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशेब इथे कामी येतो: पौर्णिमेला किंवा अमावास्येला १५ गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकरा, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी सव्वापाचला येते, आणि प्रतिपदेला (१ गुणिले पाऊण, म्हणजे भरती पाऊण वाजता) ती पावणेसातच्या आसपास जाते. या दोन दिवसांत तुमचे काम होईल. खारे तुषार पुसायला स्वच्छ कापड मात्र न्यावे.

खिडकीतून:
फोकसबद्दल एक पुस्ती. प्रतिबिंबावर फोकस करताना पाण्याच्या पृष्ठभागावर करू नये. प्रतिबिंबाचे अंतर हे मूळ वस्तूइतकेच असते, त्यामुळे पलीकडच्या झाडावर केलेला फोकसच त्याच्या प्रतिबिंबालाही लागू पडतो.

नवखा_७२:
एवढा खटाटोप कशाला? वरचा अर्धा भाग उलटा करून खाली चिकटवला की झाले.

पाणवठा:
तसे केले की लगेच कळते. कॅमेरा पाण्यापासून दीड मीटर वर असेल, तर प्रतिबिंबात दिसणारे दृश्य हे पाण्याखाली दीड मीटरवरून पाहिल्यासारखे असते. त्यामुळे काठावरची भिंत मागच्या झुडपांना झाकते, जी वर दिसतात ती खाली दिसत नाहीत. उलट्या चिकटवलेल्या चित्रात मात्र दोन्हीकडे सारखीच झुडपे असतात.

पोलरायझरचे राहिले होते. पृष्ठभागाशी ३७ अंशांच्या कोनात तो प्रतिबिंब जवळजवळ पुसून टाकतो, त्यामुळे या कामासाठी तो घ्या असे मी म्हणणार नाही. जवळ असेल तर उलट बाजूने फिरवून पाहावा, मग जवळच्या पाण्यातले प्रतिबिंब आकाशाच्या तुलनेत अर्ध्या-पाऊण स्टॉपने उठते.

तळ्याकाठचा:
सर्वांचे आभार. जुनीच फाइल नव्याने केली, आणि काल फिल्टरशिवाय पुन्हा गेलो. सूर्य मावळल्यावर मी निघत असे, काल वीस मिनिटे थांबलो. वारा पडला, आकाशातला तांबडा जांभळ्याकडे गेला आणि पाणी पहिल्यांदाच खरोखर स्थिर झाले. दोन चित्रे मनासारखी आली. तबकडी गेल्यामुळे लाल चॅनलही भिंतीला लागला नाही. एक अडचण उरते. कॅमेरा खाली नेला की पाण्याच्या त्याच जागेकडे नजर अधिक तिरकी होते आणि तिथले प्रतिबिंब उजळते, हे आकड्यांवरून पटले, म्हणून तो पाण्यापासून वीतभर उंचीवर ठेवला, तर जलपर्णीचे तुकडे एकमेकांत मिसळून काळा पट्टाच झाला.

पाणवठा:
होय, खालून पाहिले की तिरकस नजरेने तुकड्यांमधल्या फटी मिटतात. जलपर्णी असेल तिथे कॅमेरा छातीइतका वर घ्यावा, उजेड थोडा कमी मिळाला तरी चालेल. आणि ती संपादनात पुसू नका. तिच्याखाली प्रतिबिंब नसते, तिथे भरलेला रंग पुन्हा कॅलेंडरकडेच नेईल.