पेशंट माझं ऐकतात, पण लेक डोकेदुखी माझ्यापासूनच लपवते

सावली_दुपारची:
नमस्कार मंडळी, जरा मोठं होणार आहे, सांभाळून घ्या. मी निसर्गोपचार करते, १९ वर्षं झाली. मातीपट्टी, कटिस्नान, पादस्नान, लोकांच्या झोपेची घडी बसवून देणं हे माझं रोजचं काम. नवीन पेशंटला मी पहिल्या भेटीत निवांत बोलू देते, मध्ये तोंड घालत नाही, कारण माणूस खरं दुखणं बऱ्याचदा निघताना सांगतो, चपला घालता घालता.

तर गेल्या आठवड्यात पट्टी हवी होती म्हणून लेकीची (वय १५) कंपासपेटी उघडली, आणि कर्कटकाच्या खाली दुमडून ठेवलेली पॅरासिटामॉलची स्ट्रिप, १० मधल्या ७ गोळ्या संपलेल्या. दप्तराच्या आतल्या कप्प्यात अजून दोन रिकाम्या स्ट्रिप. माझ्या पोटात गोळाच आला. रात्री शांतपणे विचारलं तर म्हणाली डोकं दुखतं, चार-पाच महिने झाले. मग मला का नाही सांगितलंस? तर म्हणते, "तुला सांगितलं की तू सुरूच होतेस. पाणी किती प्यायलीस, किती वाजता झोपलीस, फोन किती बघितलास. मला फक्त डोकं दुखतंय एवढंच सांगायचं असतं."

मी गोळ्यांच्या विरोधात आहे असं कृपया समजू नका, नवऱ्याची बीपीची गोळी मी एक दिवस चुकू देत नाही. पण घरात कोणाला बरं नसलं की माझ्या तोंडून आधी प्रश्नच बाहेर पडतात, हे तिचं खरं आहे आणि ते तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. विचारायचं हे की ज्यांचं काम असंच दुसऱ्यांच्या तब्येतीचं आहे ते घरात कसं वागतात? आणि हिची डोकेदुखी मी बघू की दुसऱ्या कोणाला दाखवू?

वॉर्डातली_मावशी:
ताई, दुसरा प्रश्न आधी. दुसऱ्याला दाखवा, आणि लवकर दाखवा. मी नर्स आहे, माझ्या स्वतःच्या मुलाचा ताप मला नीट मोजता यायचा नाही, हात थरथरायचे. आपल्या माणसाच्या बाबतीत एकतर आपण फार घाबरतो नाहीतर काही नसेल म्हणून सोडून देतो.

गोळ्या महिन्यातून किती दिवस घेते ते कळायला हवं. आधीच डोकेदुखी असलेल्या माणसाने साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, अशी ३ महिन्यांच्या वर घेतली तर त्या गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. गोळीचा अंमल उतरला की परत दुखतं, परत गोळी, असं चक्र. त्यावर उपाय गोळी थांबवणं हाच असतो पण पहिले काही दिवस दुखणं उलट वाढतं, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा, तिच्या हातातून स्ट्रिप हिसकावून घेऊ नका. कुठल्या तारखेला दुखलं, किती वेळ, गोळी घेतली का, पाळी कधी होती एवढं तिचं तिलाच लिहायला सांगा, वही तिच्याकडेच राहू दे. या वयात मुलींना मायग्रेन सुरू होणं अगदी कॉमन आहे, घरात कोणाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. डोळे तपासून घ्या. आणि अचानक प्रचंड दुखलं, झोपेतून जाग येईल एवढं दुखलं, सकाळी उठल्या उठल्या उलट्या, दिसायला गडबड, तापासोबत मान आखडली, यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा.

जुना_वहीवाला:
मी तुमच्या लेकीच्या जागी होतो म्हणून लिहितोय. माझे वडील हेच काम करायचे. लहानपणी मला खोकला आला की मी उशीत तोंड खुपसून खोकायचो, कारण आवाज गेला की दिवा लागणार, जीभ बघणार, पोट दाबून बघणार आणि दुसऱ्या दिवशीचं सगळंच बदलणार. त्यांचं प्रेम होतं हो, पण ते मला तपासणीसारखं वाटायचं. एकदा मला खूप ताप होता आणि ते स्वतःच फार दमून आले होते, काही न विचारता माझ्या कपाळावर ओली घडी ठेवून बाजूला बसून राहिले, घडी गरम झाली की उलटी करायची, परत भिजवायची, बस. पाण्यात घडी पिळल्याचा तो आवाज मला अजून आठवतो. मी आज चाळिशीत आहे आणि वडिलांचं नाव काढलं की मला त्यांचे पेशंट नाही, ती रात्र आठवते. तुम्ही तिला पहिल्या दहा मिनिटांत काहीच विचारू नका, एवढंच सांगेन.

पाणी_माती:
मीही याच क्षेत्रातली. वरच्या दोघांचं पटलं पण एक गोष्ट वेगळी वाटते. तुम्ही तुमचं ज्ञान घराबाहेर ठेवायचं म्हणाल तर तेही बरोबर नाही, फक्त ते मुलीला लावण्याऐवजी घराला लावा. सेबास्टियन क्नाइप (१८२१–१८९७) यांना लोक गार पाण्याच्या उपचारांसाठी ओळखतात, पण त्यांच्या पद्धतीच्या पाच खांबांमध्ये पाणी, वनस्पती, हालचाल, आहार यांच्यासोबत जगण्याची घडी हाही एक खांब आहे. मला तर तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तो एकट्या मुलावर लादता येत नाही, घरात सगळ्यांनाच पाळावा लागतो.

म्हणून मोकळेपणाने विचारते, राग मानू नका. रात्री पेशंटचे फोन तुम्ही किती वाजेपर्यंत घेता? १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते, आणि या वयात शरीराचं घड्याळच उशिरावर सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा तयार होतं, त्यामुळे "दहाला झोप" म्हटलं की ती आळशीपणा करते असं नाही, तिला झोप येतच नसते. अशात घरात उशिरापर्यंत दिवे आणि बोलणं चालू असेल तर तिला एकटीला सांगून काय होणार. आमच्याकडे सगळ्यांचे फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला, माझाही. पहिला महिना मला जड गेला, पोरांना नाही.

सावली_दुपारची:
उशिरा लिहितेय, तीन आठवडे झाले. सगळ्यांचे मनापासून आभार. वॉर्डातली मावशी, डॉक्टरांना दाखवलं, मी केबिनबाहेर बसले, ती एकटी बोलली. चष्म्याचा नंबर निघाला आणि गोळ्या महिन्यात १८ दिवस होत होत्या, म्हणजे तुम्ही म्हणालात तेच. आता गोळ्या बंद आहेत. पहिला आठवडा फार वाईट गेला, तिचा आणि माझाही.

पाणी_माती, साडेदहा. साडेदहापर्यंत घेत होते फोन. आता साडेआठनंतर घेत नाही, आधीच सगळ्यांना सांगून टाकलं, दोघं नाराज झाले, बाकीच्यांनी काही म्हटलं नाही.

परवा रात्री ती आली, म्हणाली डोकं दुखतंय. माझ्या जिभेवर प्रश्न आलाच होता, पण वहीवाले दादा, तुमची ती पिळलेली घडी आठवली आणि मी नुसती सरकून जागा केली. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. केसांत हात फिरवत राहिले, मधे ती भूमितीच्या बाईंबद्दल काहीतरी सांगत होती, मग बोलता बोलता झोपली. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या पण हलले नाही.

पुढच्या महिन्यात परत दाखवायचंय, वही ती स्वतःच घेऊन जाणार म्हणते. तेव्हा लिहिते.