भट्टीतून चांगले निघालेले कप पाच दिवसांनी फुटतायत, काय चुकलं?

चिखलातले_हात (सातारा)
नमस्कार मंडळी. साताऱ्यात शाहूपुरीत घरच्या गॅरेजमध्ये माझा छोटा स्टुडिओ आहे, एक चाक, एक इलेक्ट्रिक भट्टी आणि बाहेर पावसात भिजणारी नवऱ्याची गाडी, एवढाच संसार. इतके दिवस गुजरातची तयार माती मागवत होते पण ट्रान्सपोर्ट धरून ती फार महाग पडते. उन्हाळ्यात माहेरी रहिमतपूरकडं विहिरीचं काम निघालं होतं तर तिथली चार पोती माती आणून ठेवली, आता भिजवली, हाताला लागले तेवढे खडे वेचले, मळली आणि काय सांगू, चाकावर अशी चढत होती की वाटलं आजपर्यंत उगाच पैसे घातले.

एका कॅफेची ४० कपांची ऑर्डर आहे, त्यातले २४ ह्या मातीचे केले आणि १६ विकतच्या मातीचे. सगळे एकाच भट्टीत, बिस्क (ग्लेझच्या आधीची पहिली भाजणी) १००० डिग्रीला. मध्ये ६०० च्या आसपास लाईट गेली, पाऊण तासानं आली, परत चालू केली. निघाले तेव्हा एक नंबर, टिचकी मारली की टणटण वाजत होते. लगेच स्टेटसला फोटो टाकले (दृष्ट तिथंच लागली असं सासूबाई म्हणतात). पाचव्या दिवशी सकाळी चहा घेऊन आत गेले तर फळीवर मातीच्या टिकल्या पडलेल्या. बघते तर कपांना नखाएवढे टवके, कुणाच्या पोटाला, कुणाच्या काठाला. आज मोजले, २४ पैकी १७ गेले आणि रात्री शांत झालं की आतून टिक्, टिक् आवाज येतोय.

लाईट गेल्यामुळं झालं का हे? उरलेल्या ७ ना ग्लेझ (वरचा काचेचा लेप) मारून देऊन टाकू का? आणि मला न कळलेलं एक, हीच माती आमच्या गावच्या कुंभारकाकांनी पण नेली होती, त्यांच्या घटाच्या मडक्यांना आणि पणत्यांना काहीच झालेलं नाही.

मिरजेचा_मळ्या
ताई कप ओले राहिले असणार. परतीचा पाऊस चालू आहे, हवेत दमट आहे, आत पाणी राहतंच. माझे पण मागच्या वर्षी असेच फुटले. आठ दिवस वाळवा मग लावा. ग्लेझ मारलं की टवके झाकतील, टेन्शन घेऊ नका.

राख_आणि_काच (सांगली)
दादा, ओले असते तर भट्टीतच फुटले असते की. १०० च्या वर पाण्याची वाफ होते आणि ती बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर भांडं आतच उडतं, दार उघडलं की तुकडेच हातात येतात. पाच दिवस फळीवर गप बसून मग टवका उडाला म्हणजे भानगड वेगळी आहे. लाईटचा पण संबंध नाही. ५७३ च्या आसपास मातीतलं क्वार्ट्झ एकदम आकार बदलतं, तिथं झटका बसला तर लांब चीर जाते, असे टिकलीसारखे टवके नाही उडत.

ताई दोन गोष्टी सांगा. टवका जिथून उडालाय त्या खड्ड्याच्या तळाला पांढरा ठिपका आहे का? आणि माती पीओपीच्या लादीवर मळता का? लादीचा कण मातीत गेला तरी हेच होतं.

चिखलातले_हात
अरे हो!! प्रत्येक खड्ड्यात मोहरीएवढा पांढरा ठिपका आहे, नखानं उकरला तर पीठ होतंय. लादी पीओपीचीच आहे पण दोन्ही माती तिच्यावरच मळल्यात आणि विकतच्या मातीचे १६ च्या १६ शाबूत आहेत.

राख_आणि_काच
मग लादी सुटली, माती सापडली. चुनखडी आहे ती. आपल्याकडं काळ्या रानाच्या खाली खोदलं की पांढरे खडे लागतात ना, तेच. मोठे तुम्ही वेचलेत पण बारीक राहिले. भट्टी ८००-८२५ च्या पुढं गेली की त्या खड्याचा कळीचा चुना होतो. तो भट्टीत गुपचूप असतो, बाहेर आल्यावर हवेतलं पाणी ओढायला लागतो, पाणी प्यायला की फुगतो आणि वरची माती ढकलून देतो. तुमचं टिक् टिक् ते हेच. उन्हाळ्यात कदाचित महिना गेला असता, ह्या हवेत पाच दिवसांत झालं.

कुंभारकाकांचं कोडं पण यातच सुटतं. आव्यात, म्हणजे कुंभाराच्या उघड्या भट्टीत, बहुतेक ७००-८०० च्या घरातच ताप असतो आणि तोही थोडाच वेळ. तिथं चुनखडीचा खडा खडाच राहतो, चुना होत नाही. म्हणजे माती तीच, पण तुमची भट्टी जास्त चांगली तापली म्हणून घोटाळा झाला 😄

आणि ते ७ कप कॅफेला देऊ नका प्लीज. ग्लेझच्या भट्टीत ताप परत वर जातो, चुना आतच असतो, मग टवका ग्लेझसकट उडतो. ती काच असते. चहा पिताना कुणाच्या ओठाला लागली म्हणजे?

मिरजेचा_मळ्या
बरोबर आहे, माझं चुकलं. म्हणजे माझे पण चुन्यानंच फुटले की काय, मी मात्र दोन महिने फॅन लावून वाळवत बसलो.

विट्याचा_कुंभार
आमच्यात चाक आज्यापासून आहे. वडील माती घ्यायच्या आधी चिमूटभर दाताखाली धरून बघायचे, कचकच लागली की ट्रॅक्टर माघारी. लोक हसायचे, पण त्यांचं लय खराब निघालं नाही कधी. दात नको असतील तर वाळकी माती वाटीत घेऊन व्हिनेगर ओता, फसफसली की चुनखडी.

आता इलाज. भिजवायच्या आधी माती कडक वाळवा, पार धूळ उडाली पाहिजे. ओलसर ढेकूळ पाण्यात टाकलं तर दोन दोन दिवस तसंच बसतं आणि कडक वाळलेलं टाकलं की बुडबुडे काढत डोळ्यासमोर विरघळतंय. मग ताकासारखी पातळ करून ६० नंबरच्या जाळीतनं गाळा, खडा पाव मिलिमीटरच्या खाली गेला की त्याच्यात टवका उडवायचा दम राहत नाही. गाळलेला गाळ जुन्या सुती साडीत बांधून टांगायचा, चक्क्यासारखा. चार पोत्याला कमरेचा बुकना पडतो हे आधीच सांगतो. लोक विचारतात मातीच्या कपाला एवढे पैसे कशाला, माती तर फुकट. त्यांना एक दिवस गाळायला बसवा.

चिखलातले_हात
व्हिनेगर ओतलं. सोड्यासारखं फसफसलं 🤦‍♀️ कॅफेवाल्यांना फोन करून खरं सांगितलं, १६ आत्ता नेतो, २४ दिवाळीनंतर द्या म्हणाले, म्हणजे वाचले. एक कुठंतरी वाचलं होतं की भट्टीतून काढल्या काढल्या भांडी पाण्यात बुडवायची, त्यानं होतं का काही?

राख_आणि_काच
होतं, पण अर्धवट. कप कोमट असतानाच बुडवून ठेवले तर चुना भरपूर पाण्यात लगेच विरतो आणि जोर कमी लागतो. बिनग्लेझच्या कुंडीला चालेल. कपाला परत ग्लेझच्या भट्टीत घातलं की तो विरलेला चुना परत कळीचा होणार, पाढे पंचावन्न.

उरलेली माती टाकू नका मात्र. दिवाळी तोंडावर आहे, पणत्या करा आणि ७५० लाच भाजा, ग्लेझ नको. काकांच्या निघाल्या तशा तुमच्या पण निघतील.

चिखलातले_हात
पणत्याच करते. ६० नंबरची जाळी साताऱ्यात कुठं मिळेल? हार्डवेअरवाला डासांची जाळी दाखवतोय.

विट्याचा_कुंभार
ती लय मोठी. स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडं जा, लग्नपत्रिका छापतात त्यांच्याकडं कापड मिळतं, लाकडी चौकटीला ताणून ठोका. आणि गाळताना हातानं दाबू नका ताई, खाली बादली थोपटा, आपोआप उतरतंय.