पोळ्याची पुरणपोळी, रविवारचं मटण आणि मधल्या मध्ये जर्सीचा गोऱ्हा

माळावरची

परवा पोळ्याच्या दिवशी ‘निर्मळ’ यांनी इथे चार ओळी टाकल्या: ‘ज्यांच्या घरी दर रविवारी मटण शिजतं, त्यांनी वर्षातून एकदा बैलाच्या पाया पडायचं नाटक करू नये. आधी सुरी खाली ठेवा, मग पुरणपोळी चारा.’ उत्तर द्यायचं नाही असं दोन दिवस स्वतःला बजावत होते. नाही जमलं.

माझं माहेर संगमनेर तालुक्यात. आजोबांच्या दावणीला खिल्लारी जोडी आणि पडवीत सात-आठ संगमनेरी शेळ्या. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आजोबा स्वतः बैलांचे खांदे लोणी-हळदीने मळायचे, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणताना त्यांचा आवाज कातर व्हायचा. बैलाला कुणी चाबूक मारलेला दिसला तर त्या गड्याशी दोन दिवस बोलायचे नाहीत. आणि हेच आजोबा आखाडात मुलाण्याला बोलावून घरचा बोकड कापून घ्यायचे. तो बोकड माळावर हुंदडलेला, बाभळीच्या शेंगा खाऊन वाढलेला. आम्ही पोरं सकाळी रडायचो आणि रात्री रस्सा ओरपायचो. यात नाटक कुठलं ते मला आजही कळलेलं नाही.

आता निर्मळ, तुमच्या पनीरबद्दल. त्याचं दूध देणारी गाय आधी विते. निम्म्या वेळा गोऱ्हा, म्हणजे नर वासरू, होतो. जर्सीच्या गोऱ्ह्याला वशिंड नाही, उन्हात धापा टाकतो, औताला कुणी जुंपत नाही, शर्यतीला तर नाहीच. 2015 पासून राज्यात बैल-वळूंच्याही कत्तलीला बंदी आहे. मग तो गोऱ्हा जातो कुठे? तुम्ही सांगा. मी बसले आहे इथेच.

निर्मळ

वा. म्हणजे दूध पिणारा पापी निघाला की मटण आपोआप पवित्र होतं का?

मी पिढीजात शाकाहारी नाही. आमच्या घरी बुधवार-रविवार चिकन असायचं. सहावीत असताना वडिलांनी एकट्याला दुकानात पाठवलं. त्याने कोंबडीची मान कापली, निळ्या पिंपात टाकली, वर झाकण ठेवलं आणि माझ्याकडे सुट्टे पैसे मागितले. आतून पिंप वाजत होतं. मी पैसे शोधत होतो आणि पिंप वाजत होतं. त्यानंतर खाल्लं नाही. हा माझा ‘अभ्यास’, संदर्भ मागू नका.

तुमच्या आजोबांचा बोकड मी मान्य करतो, जा. पण तुम्ही पुण्यात राहता हे तुम्हीच मागे लिहिलं होतं. गेल्या रविवारी काय खाल्लंत, आजोबांचा बोकड की चौकातली ब्रॉयलर?

तिखटजाळ

हे शाकाहारी प्रेम कळतं हो आम्हाला. भाड्याने घर बघायला गेलो की नावाआधी ‘नॉनव्हेज का?’ विचारतात. बायकोने सुके बोंबील भाजले तर खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सेक्रेटरीला पत्र लिहिलं, गॅसगळतीचा संशय म्हणून. 15 ऑगस्ट 2025 ला कल्याण-डोंबिवलीत मटणाची दुकानं बंद ठेवायचा हुकूम निघाला होता, तोही 1988 च्या जुन्या आदेशाचा आधार देऊन. त्यात कुठल्या बोकडाची दया होती? बोकडाला कळलं तरी का, आज सुट्टी आहे ते?

निर्मळ

तुमच्या सोसायटीचा राग माझ्यावर काढू नका. मी भाडेकरू आहे, मलाच कुणी विचारत नाही.

गोठ्यातला डॉक्टर

पशुवैद्य आहे, तेवीस वर्षं. दोन्ही बाजूंना थोडं थोडं टोचतो.

निर्मळ यांचं पिंप अगदी खरं आहे. कत्तलखान्यांसाठी 2001 चे नियम आहेत: एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही, गाभण जनावर कापायचं नाही, डॉक्टरने तासाला बारा आणि दिवसाला 96 पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत. कागद उत्तम आहे. पण चौकातल्या दुकानात ठोकळा असतो तो पिंजऱ्याच्या डोक्यावरच. आणि प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 चा. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती माहीत आहे? दहा ते पन्नास रुपये. कोंबड्या उलट्या टांगून मोटारसायकलवरून नेणाऱ्याला हा दंड भरणं चहा पाजण्यापेक्षा स्वस्त.

आता भक्तांसाठी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी खायचा सोडा घेऊन गावोगाव फिरत असतो. दहा-दहा पुरणपोळ्या चारतात. बैलाच्या पोटात आम्ल होतं, पोट गच्च होतं, रवंथ थांबतो. एखादा दगावतो सुद्धा. कपाळाला गुलाल तसाच असतो.

मालवणी बांगडा

माशांसाठी कोण रडणार तो सांगा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तीही दया म्हणून नाही, अंडी घालू देत म्हणून. पापलेट पाण्याबाहेर काढल्यावर किती वेळ तडफडतं ते या धाग्यावर कुणी लिहीतच नाही. मी पण लिहिणार नाही, आज सोमवार आहे.

ध्रुवबाळ

माळावरची यांनी 2015 च्या कायद्याला हळूच चिमटा काढला आहे. कायदा योग्यच आहे. उच्च न्यायालयाने 2016 मध्ये कत्तलबंदी कायम ठेवली. (बाहेरून आणलेलं मांस जवळ बाळगण्याचं कलम उडवलं, ते मला पटलं नाही, असो.) ज्या बैलाने वीस वर्षं नांगर ओढला त्याला म्हातारपणी खाटकाला विकायचं? उद्या आईबापांना विकाल. शेण आहे, गोमूत्र आहे. सांभाळायची इच्छा नाही एवढंच.

उसाचं कांडं

आला का उपदेश! आमच्याकडे पोळा नसतो, बेंदूर असतो, पण जनावराचं पोट तुमच्याकडे असतं तसंच असतं. कोरड्या जनावराला दिवसाला शंभराच्या नोटेत भागत नाही. शेणाचे किती देता? ट्रॉलीचा भाव सांगा, उद्याच भरून पाठवतो तुमच्या दारात.

पूर्वी थकलेला बैल बाजारात नेला की त्यात थोडी भर घालून नवा घेता यायचा. आता थकलेल्याला भावच नाही आणि नव्याला पैसे नाहीत. 2025 च्या पावसाळ्यात कुरेशी समाजाने जनावरं घेणंच थांबवलं होतं, वाटेत गाड्या अडवून मारहाण होते म्हणून. तेव्हा बाजारात म्हशी घेऊन गेलेले लोकही तसेच परत आले. म्हशीवर बंदी नाही बरं का! पण टेम्पो अडवणाऱ्याला अंधारात काय दिसतं?

आणि सप्टेंबर 2024 मध्ये सरकारने देशी गाय ‘राज्यमाता’ केली, गोशाळेला गाईमागे दिवसाला पन्नास रुपये. फक्त देशीला. राज्याला दूध पाजते जर्सी. ती कोण, सावत्र आई?

(कुणीतरी सावरकरांचं ‘गाय हा उपयुक्त पशू’ आणायच्या आत मीच आणून ठेवतो. आता पुढे बोला.)

ध्रुवबाळ

सावरकर सोयीपुरते वापरायचे आणि बाकी वेळी शिव्या द्यायच्या. तुमच्यासारख्या लोकांना जनावर म्हणजे एटीएम.

उसाचं कांडं

आणि तुमच्यासारख्यांना जनावर म्हणजे मोबाईलवरचं चित्र. शेवटचं शेण कधी उचललं होतं साहेब? हाताने म्हणतोय, तोंडाने नाही.

संपादक मंडळ

वरचे दोन प्रतिसाद अपवाद म्हणून ठेवले आहेत. यापुढे व्यक्तिगत शेरेबाजी उडवली जाईल. धाग्याचा विषय मांसाहार आहे, शेण नाही.

गोठ्यातला डॉक्टर

मंडळ, विषय आता शेणच आहे.

2019 च्या पशुगणनेत देशभरातले नर गोवंश आधीच्या गणनेपेक्षा 30 टक्क्यांनी कमी भरले. ट्रॅक्टर हे एक कारण आहे, ध्रुवबाळ यांच्या वीस वर्षं नांगर ओढणाऱ्या बैलाची जागा त्याने कधीच घेतली. पण ट्रॅक्टर आला म्हणून गाईला गोऱ्हे व्हायचे थांबत नाहीत. मी गोठ्यांत जातो तेव्हा कालवडी टवटवीत असतात आणि कोपऱ्यात एक गोऱ्हा हाडं मोजता येतील असा. त्याला कुणी मारत नाही. पाजत नाहीत, एवढंच. मग मला विचारतात, ‘डॉक्टर, याला हगवण कशी लागली?’

उपाय अगदीच नाही असं नाही. सॉर्टेड सीमेनने, म्हणजे मादी वासरूच व्हावं म्हणून वेगळं काढलेल्या वीर्याने, भरवलं तर दहात नऊ कालवडी होतात.

निर्मळ

डॉक्टर, हे वाचून आज चहा घशाखाली गेला नाही. उपकार मानू की शिव्या देऊ ते ठरवतो आहे.

पण माळावरच्या ताई कुठे गेल्या? दोन प्रश्न होते. ब्रॉयलर की बोकड? आणि गोऱ्हा कुठे जातो हे तुम्ही मला विचारलंत. मी विचारतो, तुमच्या माहेरी आज जर्सी गाई आहेत का? असतील तर त्यांचे गोऱ्हे कुठे जातात?

माळावरची

पहिल्याचं उत्तर: ब्रॉयलर. मटण मला दर रविवारी परवडत नाही. चाळीस दिवसांत दोन किलो होणारा, स्वतःच्या वजनाने नीट चालता न येणारा पक्षी, हे मला माहीत आहे. आजोबांच्या बोकडाच्या आड मी लपले होते, झालं समाधान?

दुसऱ्याचं उत्तर लिहून तीनदा पुसलं. भावाकडे नऊ गाई आहेत. आजोबांची दावण आहे, बैल नाहीत. पोळ्याला आता मातीची जोडी पुजतात. दोन वर्षांपूर्वी एकाच महिन्यात तीन गोऱ्हे झाले. गोशाळेत विचारलं, जागा नाही म्हणाले. भाऊ आणि त्याचा मित्र रात्री टेम्पोत घालून चंदनापुरीच्या घाटात सोडून आले. आमच्याकडे बिबटे किती आहेत ते बातम्या वाचणाऱ्या कुणालाही माहीत आहे. पण बिबट्याला दिला असं कुणी म्हणत नाही. ‘घाटात सोडला’ म्हणतात. तिसरा गोऱ्हा पाय रोवून उभा राहिला होता, टेम्पोतून उतरतच नव्हता. हे भावाने मला सांगितलं तेव्हा तो जेवत होता, आणि ताट अर्धं ठेवून उठला.

मुलाण्याची सुरी यापेक्षा वाईट होती असं कुणी मला समजावून सांगावं.

ध्रुवबाळ

हा गुन्हा आहे. जनावर असं वाऱ्यावर सोडणं.

गोठ्यातला डॉक्टर

आहे. त्याच 1960 च्या कायद्याखाली. दंड वर लिहिलाच आहे.

निर्मळ

माझं मटणाबद्दलचं मत तसूभर बदललेलं नाही, हे आधी नोंदवतो. पण ‘सुरी खाली ठेवा’ हे वाक्य मी पनीर चिली खाताना टाइप केलं होतं. यावर कुणी हसलं तर मी रागावणार नाही.

दोन दिवस काळा चहा प्यायलो. तिसऱ्या दिवशी आईने न विचारता दूध घातलं आणि मी प्यायलो. भावाला डॉक्टरांचा उपाय सांगितलात का?

माळावरची

सांगितला. म्हणाला, त्या डोसाने गाय उलटायचं, म्हणजे गाभण न राहायचं, प्रमाण जास्त, आणि एक माज वाया गेला की पुढचे एकवीस दिवस भाकड खाद्याचा खर्च काय तुझे शहरातले मित्र भरणार? तरी दोन गाईंना भरवून बघतो म्हणाला. तुमच्यासाठी नाही हं. त्याला कालवडी हव्या आहेत.