पंख्याची विमानं पुढं बनणार का बंद पडणार? जॉबवर्क घ्यावं का नको, जाणकारांनी सांगा

उद्यमबागचा_लेथवाला
नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं शेड आहे, तीन सीएनसी लेथ आणि एक जुनी व्हीएमसी (मिलिंगची मशीन), बाबांपास्नं हायड्रॉलिकचे स्पूल, बुश, पिन असलीच कामं करूलोय. मागच्या महिन्यात एक पार्टी आली, म्हणाली छोट्या पंख्याच्या (टर्बोप्रॉप) विमानाच्या लँडिंग गिअरचे बुश (पिनेभोवती बसणारी नळी) करणार काय, पाच वर्षांचं काम देतो, पण एएस ९१०० (विमानाच्या कामाचं क्वालिटी) सर्टिफिकेट पाहिजे आणि एक चांगली टर्निंग मशीन पाहिजे, म्हणजे परत बँकेच्या दारात. मामा म्हणूलाय विमानाचं काम म्हणजे लक्ष्मी चालत आली, सोडू नको. घरची म्हणूली आधी चौकशी करा.
चौकशी करायला गेलो तर नेटवर दिसलं की क्यू-४०० या पंख्याच्या विमानाचं प्रॉडक्शन २०२१ पास्नं बंदच आहे. ते स्पाइसजेटचं क्यू-४०० आमच्या सांबरा विमानतळावरनं उडायचं ओ, दोन-तीनदा गेलोय मी त्यातनं बेंगळुरूला. ट्रूजेटचं एटीआर (तसलंच दुसरं विमान) पण हैदराबाद-म्हैसूरला जायचं, ती कंपनीच बसली. आता कर्ज काढायचं आणि दहा वर्षांत ही विमानंच संपली तर मशीन काय भिंतीला टांगू? कुणाला खरं माहीत असेल तर सांगा.

सांबरा_धावपट्टी
दादा, भीती चुकीची नाही पण निम्मीच बरोबर आहे. थोडं मोठं लिहितो.
ही विमानं बनवणारे एकेकाळी भरपूर होते. हॉलंडची फोकर १९९६ ला दिवाळखोरीत गेली, फोकर ५० तिथंच संपलं. स्वीडनच्या साबनं १९९९ ला ३४० आणि २००० दोन्ही बंद केली. ब्रिटिश, जर्मन पण त्याच सुमारास आवरते झाले. कारण असं की त्या काळात तेल स्वस्त होतं, ५० सीटची जेटं आली आणि लोकांना पंखा दिसला की विमान जुनाट वाटायला लागलं. विमान वाईट होतं म्हणून नाही, दिसायला वाईट होतं म्हणून. (आपल्याकडं अजून तसंच आहे, माझी आई पंखा बघून म्हणाली होती हे चक्कीसारखं काय लावलंय.)
मग तेल महाग झालं तसं पंखा परत आला, कारण चार-पाचशे किलोमीटरच्या आत जेटपेक्षा खूपच कमी तेलात काम होतं. पण तोवर दुकानं दोनच उरली होती, कॅनडाचं क्यू-४०० आणि फ्रान्स-इटलीचं एटीआर. बंबार्डियरनं क्यू-४०० चा धंदा २०१९ ला लाँगव्ह्यू कंपनीला विकला, त्यांनी डी हॅविलंड हे जुनं नाव परत लावलं, २०२१ ला टोरांटोची जागा सोडायची वेळ आली आणि लाइन थांबली. अल्बर्टात नवीन फॅक्टरी काढायचं २०२२ ला जाहीर केलं, पण जाहीर करणं आणि विमान बाहेर पडणं यात फरक आहे.
म्हणजे या साइझमध्ये जगभर विकलं जाणारं नवीन विमान म्हणशील तर आज एकटं एटीआर. त्यांचे आकडे बघ, २०१५ ला ८८ विमानं दिली, कोरोनात २०२० ला फक्त १०, आणि २०२४ ला ३५. म्हणजे समोर कोण नाही तरी जुन्या आकड्याच्या निम्म्याला पण पोचलेलं नाहीत. गिऱ्हाईक नाही असं नाही, माल वेळेवर जमत नाही, इंजिन आणि पार्टांची ओढाताण.

निपाणीकर_७१
एकटाच दुकानदार म्हणजे मजाच की मग त्याची, पाहिजे तो भाव 😄 दुसरा कोण येईना कसा पण? आणि आपल्या सरकारी एचएएलनं का नाही बनवलं, साठ वर्षं काय करूलेत?

सांबरा_धावपट्टी
काका, एचएएलनं बनवलंय की. कानपूरला ॲव्रो ७४८ बनायचं, पहिलं १९६१ ला उडालं, तेही पंख्याचंच. नंतर कानपूरलाच डॉर्नियर २२८, १९ सीटचं, ते २०२२ ला अलायन्स एअरनं अरुणाचलात पासीघाटला पॅसेंजरसाठी चालवलं. सरकारी संशोधन संस्था एनएएलचं सारस विमान मात्र २००९ ला बिडदीजवळ पडलं, तीन जण गेले, तिथनं ते काम रखडलं ते रखडलंच. ७०-९० सीटचं आपलं स्वतःचं विमान कागदावर कधीपास्नं आहे.
दुसरा का येईना म्हणालात तर सगळं इंजिनापाशी अडतंय. एटीआर, क्यू-४००, जुनं फोकर ५०, सगळ्यांना इंजिन एकाच कंपनीचं, कॅनडाच्या प्रॅट अँड व्हिटनीचं. हे इंजिनाचं घराणं १९८४ पास्नं चालत आलंय, सुधारत सुधारत. ब्राझीलच्या एम्ब्रेअरला नवीन टर्बोप्रॉप काढायचं होतं, पण सप्लायरकडनं मनासारखं जमेना म्हणून २०२२ च्या शेवटी गुंडाळून ठेवलं. एटीआरचं पण तसंच, छोट्या धावपट्टीवरनं उडणारं ४२-६००एस त्यांनी २०२४ ला रद्द केलं आणि पुढच्या पिढीचं एव्हो पुढं पुढं ढकललं जातंय. एवढा पैसा घालून वर्षाला तीस-चाळीस विमानं खपणार असतील तर इंजिनवाला कशाला हात घालेल सांगा.
जर्मनीत एक ४० सीटचं डी३२८ इको येतंय, त्याचं मागचं धड बेंगळुरूत डायनामॅटिक कंपनीकडं करायचं ठरलंय. ते नीट उडालं तर आपल्या भागाला पण थोडा वाव आहे.

हत्तरगी_क्यूसी
लेथवाल्या भावा, मी हत्तरगीच्या एसईझेडकडं क्वालिटीत आहे, कंपनी सांगत नाही. इथं वर विमानाचा इतिहास छान चाललाय पण तुझा प्रश्न तो नाहीच. लोक विमानं किती विकली ते बघतात, तू बुश बनवणार आहेस. बुश झिजतो. विमान २५-३० वर्षं उडतं आणि तेवढ्या काळात लँडिंग गिअर किती वेळा खोलून ओव्हरहॉल होतो, तेव्हा बुश बदलतातच. क्यू-४०० बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी जगभर उडतायत, त्यांना पार्ट कोणीतरी देतंयच. लाइन बंद झाली म्हणजे पार्ट बंद झाला असं नसतं.
पण उलटी बाजू पण ऐक. स्पेअरची ऑर्डर नळाच्या पाण्यासारखी येते, कधी तीन महिने काही नाही, कधी एकदम २०० नग आणि तेही परवा पाहिजेत. आणि पहिल्या नगाला एफएआय (सगळी मापं-कागद तपासणी) करून पास होईपर्यंत सहा-आठ महिने सहज जातात, तोवर एक रुपया येत नाही. तुमच्या हायड्रॉलिकच्या कामात माल गेला की बिल, इथं आधी कागद, मग माल, मग परत कागद.
पार्टीला विचार की पार्ट नंबर कुठल्या विमानाचा, नवीन बिल्डसाठी का स्पेअरसाठी, आणि आधी हे कोण बनवत होता, त्यानं का सोडलं. हे शेवटचं नक्की विचार.

खानापूरची_सविता
बँकेत होते १८ वर्षं म्हणून बोलते. पाच वर्षांचं काम देतो असं तोंडी सांगणं वेगळं आणि पीओ (लेखी ऑर्डर) वेगळा. वर्षाला कमीत कमी इतके नग उचलू असं लिहून देत नसतील तर ती नुसती ओळख झाली. पेमेंट ९० का १२० दिवसांनी, तेही विचारा. कर्ज काढायचंच असेल तर अशी मशीन घ्या जी उद्या विमानाचं काम गेलं तरी तुमच्या स्पूलला चालेल. आणि मामांना सांगा लक्ष्मी चालत आली की आधी पॅनकार्ड बघायचं 🙂

निपाणीकर_७१
ताई 😂😂
पण एक विचारायचं राहिलं, इंडिगोनं २०१७ ला ५० एटीआर सांगितली होती की, मग भारतात तरी धंदा आहे म्हणायचं का?

सांबरा_धावपट्टी
आहे काका, आणि नियम पण त्याच बाजूनं आहेत. आपल्याकडं ८० पेक्षा कमी सीटचं विमान असलं की लँडिंग चार्ज लागत नाही, म्हणून तर स्पाइसजेटच्या क्यू-४०० ला ७८ सीट आणि इंडिगोच्या एटीआरला पण ७८, हा योगायोग नाही. गोव्याची फ्लाय९१ पण २०२४ पास्नं एटीआरवरच चालूलीय, सिंधुदुर्ग, सोलापूर असल्या गावांना. तिथं एअरबस नेऊन भरणार कुणानं? त्यामुळं मागणी राहणार, माल कोण देणार हीच पंचाईत.

उद्यमबागचा_लेथवाला
सगळ्यांचे आभार. सविताताईंचा मुद्दा मामाला वाचून दाखवला, गप्प बसलाय. काल पार्टीला फोन केला. काम स्पेअरचं आहे म्हणाले, कुठल्या विमानाचं ते सांगत नाहीत, आणि आधीच्या वेंडरनं रेट परवडत नाही म्हणून सोडलं. ड्रॉइंग आलंय, मटेरियल १५-५ पीएच (कडक होणारं स्टेनलेस स्टील), हार्ड झाल्यावर फिनिश करायचं. मी रेट आमच्या नेहमीच्या ईएन ८ (साधं स्टील) च्या हिशोबानं धरला होता.

हत्तरगी_क्यूसी
अरे देवा. भावा, आधीच्यानं सोडलं ते ह्याचसाठी. ते मटेरियल इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) खाऊन टाकतंय. टॉलरन्स किती आहे आणि हीट ट्रीटमेंट, कोटिंग कोण करणार ते बघ, त्याला नॅडकॅपवालाच (विमानाच्या कामाची मान्यता असलेला) लागतोय, उद्यमबागेतल्या नेहमीच्या भट्टीत देऊन चालत नाही. मशीनचं सोड, आधी पाच नग आहे त्या मशीनवर काढून बघ आणि किती इन्सर्ट गेले ते मोजून रेट परत काढ. ड्रॉइंग इथं टाकू नको, रविवारी सुट्टी आहे, शेडवर येतो.